ठिकाण अध्यक्षांना ठाऊक

पणजी,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय जयवंतीकाकू,

फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. तुला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि तू स्पीकर लावलास की अख्खी आळी ऐकते. मागे मी पोटात दुखतंय म्हणाले, तर तिसऱ्या दिवशी माहीमहून दोघी जणी बोईसरला आईकडे आल्या, पोरगी बरी आहे ना म्हणून विचारायला.

आता बातमी. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने आपल्या गावातल्या, माहीमच्या, अकरा बोटींना वह्या दिल्या होत्या. कुठली बोट रोज काय मासळी घेऊन आली ते लिहायचं होतं. पुरुषांना लिहायचा कंटाळा, म्हणून तू रोज बंदरावर उभी राहून एकेकाला विचारलंस आणि लिहिलंस. त्या वह्यांचा अभ्यास पुरा झाला. २० नोव्हेंबरला बोईसरला एक परिषद आहे. समुद्राचा अभ्यास करणारे आम्ही आणि समुद्राबद्दल निर्णय घेणारे सरकारी अधिकारी यांनी समोरासमोर बसावं म्हणून. एरवी आम्ही लिहितो ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि ते ठरवतात ते आम्हाला पेपरात कळतं. तिथे मी बोलणार आहे, काकू! आमचे प्रमुख विपुल सर माझ्या आकड्यांवर भलतेच खूश आहेत. म्हणाले, अधिकाऱ्यांना माहीमसमोरचा पट्टा एका कामासाठी फार उपयोगी पडणार आहे.

पण आकडे बघून मी रडले. चार हजार चारशे फेऱ्या, आणि दहातल्या नऊ फेऱ्यांपुढे ‘काय नाय’ किंवा ‘चार मांदेली’. आपल्यासमोरची मासळी संपली, आणि तुम्ही कुणी मला कळू दिलं नाहीत. अशा हलाखीतही तू मला पाच किलो सोड्यांचं पार्सल पाठवलंस. महादूकाकांना म्हणावं, आता या वयात जाळं ओढणं पुरे. मागच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधता येतील. मी मदत करीन.

तुझी,
हेमाली

---

माहीम,
१९ ऑक्टोबर

हेमाली बाळ,

तुला भरपूर आशीर्वाद. रडून डोळे खराब करू नकोस, चष्मा आधीच जाड आहे.

तुझं पत्र तुझ्या काकाला वाचून दाखवलं. तो पापलेटाचा काटा काढत होता. म्हणाला, “पोर कशाला रडते? तिला लिही, आमी मजेत हाय.” मी म्हटलं, तिच्या वहीप्रमाणे तुम्ही गेल्या चैत्रातच उपाशी मेलात. त्यावर त्याने दुसरं पापलेट वाढून घेतलं.

खोल्याबिल्यांचं राहू दे. आमचं बरं चाललं आहे. शैलेशचं पालघरचं मोबाईलचं दुकानही चालतं. त्याला मात्र अजून धक्क्यावर नेलं तरी मळमळतं. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन असं नशीब.

एक विचारते. हे आकडे साहेबलोकांना दाखवलेच पाहिजेत का? दुसरं काही दाखव की. कासवं दाखव. कासवं सगळ्यांना आवडतात आणि कुणी त्यांच्यावर वाद घालत नाही. वह्यांबद्दल म्हणशील तर मी जे ऐकलं तेच लिहिलं, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, देवीशपथ.

आणि ते ‘एका कामासाठी’ म्हणजे कुठल्या, ते नीट विचारून घे. सरकार काम सांगतं आणि नाव सांगत नाही, तेव्हा मला झोप लागत नाही.

तुझी,
जयवंतीकाकू

---

पणजी,
२७ ऑक्टोबर

काकू,

दोन वाईट बातम्या. पहिली, मी खडकावर शेवाळं गोळा करताना घसरले. उजव्या पायाला प्लास्टर, सहा आठवडे पलंग. परिषदेत माझ्या जागी विपुल सर बोलणार.

दुसरी बातमी जास्त वाईट. मी सरांना विचारलं, काम कुठलं? खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ उपसून भर समुद्रात नेऊन टाकायचा आहे. जिथे मासळी सगळ्यांत कमी, तिथे टाकायचा असं ठरलंय. आणि सगळ्यांत कमी मासळी माझ्या वह्यांप्रमाणे माहीमसमोर आहे. परिषदेचे अध्यक्ष मोठे सरकारी साहेब आहेत, ते तिथेच त्या जागेवर शिक्कामोर्तब करणार.

मी आधी मनाला समजावलं, निदान तिथे मरायला मासळी उरलेली नाही. मग पलंगावर पडल्यापडल्या वह्या पुन्हा चाळल्या. करायला दुसरं होतं काय? १४ डिसेंबर, अकरा बोटी, अकराही पुढे ‘काय नाय’. १४ डिसेंबरला शैलेशचा साखरपुडा होता, काकू. मी आले होते. दोनशे माणसं घोळ आणि पापलेट खाऊन उठली, आणि काका सगळ्यांना सांगत होते की सकाळचीच ताजी मासळी आहे, पोटभर जेवा.

आता मला कासवांचं काही सांगू नकोस. खरं काय ते लिही.

हेमाली

---

माहीम,
२ नोव्हेंबर

पोरी,

जोडे मारायचे असतील तर पाय बरा झाला की ये आणि मार. मी बंदरावरच असेन.

ऐक. भरलेली बोट घेऊन आलेला माणूस ‘भरून आलो’ असं तोंडाने म्हणत नाही. म्हटलं की दृष्ट लागते आणि दुसऱ्या दिवशी जाळं रिकामं. बापजाद्यांपासून हेच आहे. किनाऱ्यावर कुणी विचारलं, ‘काय गावलं?’ की म्हणायचं, ‘काय नाय, चार मांदेली.’ बोट जितकी भरलेली तितकं तोंड पाडायचं. तुझ्या काकाचं तोंड तर चांगल्या दिवशी असं होतं, की नवखा माणूस सांत्वनाला येईल. विचारणाऱ्याला सगळं कळतं, तो हसतो आणि टोपल्या आणायला धावतो.

तू म्हणालीस, ‘ते सांगतील तेच लिही, आपल्या मनाचं घालू नको.’ मी तेच केलं. आम्हाला वाटलं, आपल्या घरातली पोर आहे, तिला वाचता येईल. तुझा बाप तारापूरच्या कारखान्यात लागला आणि तू बोईसरच्या सिमेंटवर वाढलीस, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. आणि पहिल्या पत्राला मी लपवलं, ते लाजेने. तू रडलीस आणि इथे आम्ही जेवत होतो.

तुझ्या काकाला गाळाचं सांगितलं. जेवला नाही. पडवीत बसून जाळ्याची एकच गाठ चार वेळा बांधली आणि सोडली. चिखल बसला की ती जागा पुन्हा माणसाच्या हयातीत जागी होत नाही, असं म्हणाला. मला त्याची भीती वाटली.

पण खरा आकडा आहे. बोट काठोकाठ भरली की घरची बाई देवीला एक नारळ वाढवते. माणसाला खोटं सांगतील, देवीला खोटं सांगायची छाती कुणाची आहे? देवळातला भिका मागच्या भिंतीवर त्या बोटीच्या नावाखाली गेरूची रेघ ओढतो. महिना संपला की खाली आडवी रेघ. नारळी पुनवेला ज्याच्या रेघा जास्त त्याची बोट सगळ्यांच्या पुढे निघते. दृष्टीचं काय, म्हणशील. रेघ कुठे बोलते? न बोललेल्याला दृष्ट लागत नाही.

भिंत पाच वर्षांत रंगवलेली नाही. भिकाचा आळस एकदा तरी कामाला आला.

काकू

---

पणजी,
९ नोव्हेंबर

काकू,

मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला, पूर्वीला, तुझे सोडे खायला देऊन टाकले. मग राग गेला आणि सोड्यांचं वाईट वाटलं.

शैलेशकडून भिंतीचे फोटो मागवले. ग्रहणाच्या अभ्यासासाठी हवेत असं त्याला सांगितलंय, खरं सांगितलं असतं तर रात्रीत गावाच्या ग्रुपवर गेलं असतं. मग चार दिवस रेघा मोजल्या. दोन वर्षं, अकरा बोटी, एक हजार सातशे बारा नारळ. साखरपुड्याच्या महिन्यात एकट्या काकांच्या चौदा रेघा आहेत! माहीमसमोर सगळ्यांत कमी नाही, आमच्या सगळ्या यादीत सगळ्यांत जास्त मासळी आहे.

सरांना सांगितलं, माझे आकडे चुकले, ते मागे घ्या. सर म्हणाले, नारळ हे मोजमाप नाही आणि कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे. परिषदेनंतर बघू. परिषदेनंतर बघायला उरेल काय?

सोबत एक पाकीट आहे. अध्यक्ष साहेबांना लिहिलेलं माझ्या सहीचं पत्र. अभ्यास माझा, चूक माझी, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. सरांना डावलून लिहिते आहे म्हणजे नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. मला भीती वाटते, काकू. पण कागद टेबलावर पडून राहतो, हे मी चार वर्षं बघते आहे. तिथे कुणीतरी उभं राहून तोंडाने सांगायला हवं, की मासळी आहे आणि अमुक ठिकाणी आहे. ती जागा काकांइतकी कुणाला माहीत नाही. त्यांना घेऊन जा. कसंही करून.

हेमाली

---

माहीम,
२२ नोव्हेंबर

हेमाली बाळ,

जाऊन आलो. सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

तुझा काका आधी तयार होईना. “भर सभेत मासळी हाय म्हनू? त्यापेक्षा बोट विकतो.” मी त्याच्याशी बोलणं सोडलं, तर त्याला बरं वाटायला लागलं. म्हणून मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून इस्त्रीचा सदरा मागितला.

गावातल्या ज्ञानेशच्या टेम्पोतून गेलो. मी, काका आणि शेजारची मंदा. हॉटेल एवढं थंड की मंदा म्हणाली, “इथे आपल्याला बर्फात ठेवलाय, विकतील आता.” दारात टेबलाशी किंजल म्हणून पोरगी होती, गळ्यात नावाची कार्डं घालत होती. मला म्हणाली, “कुठल्या संस्थेकडून?” मी म्हटलं, घरून. तिने ‘निमंत्रित’ लिहिलेलं कार्ड दिलं. काकाच्या गळ्यात गडबडीत कुणा न आलेल्या डॉक्टरांचं कार्ड पडलं. जेवणापर्यंत तिघा जणांनी त्याला समुद्राच्या तापमानावर मत विचारलं. तो प्रत्येकाला म्हणाला, “बगू.” त्यांनी ते लिहून घेतलं. जेवणात पनीर होतं. समुद्राच्या परिषदेत पनीर, आता बोल.

दुपारी तुझे विपुल सर उठले. भिंतीवर नकाशा आला, माहीमसमोरचा पट्टा लालभडक. सर म्हणाले, “मच्छीमारांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार इथे नव्वद टक्के फेऱ्यांत काहीही मिळत नाही. बहुतेक नोंदी अशा आहेत: काय नाय, चार मांदेली.”

मंदा फिसकन हसली. मागच्या रांगांत सगळ्या बंदरांचे लोक होते, आमच्याच पाण्यात जाळं टाकणारे शेजारच्या शिरगावचे वीस जण होते. त्यांनाही आवरेना. एक हसला की दुसरा, सगळा मागचा हॉल हसतोय आणि पुढचे साहेबलोक माना वळवून बघतायत. सर पाणी प्यायले.

अध्यक्ष साहेब तोवर कागदांत डोकं घालून होते. त्यांनी वर बघितलं. “काय झालं? मलाही सांगा.”

मी उभी राहिले. तुझं पत्र मोठ्याने वाचलं. मग म्हटलं, साहेब, वही मी लिहिली. खोटं ऐकलं ते खरं म्हणून लिहिलं. मग दृष्टीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, नारळ सांगितले. विपुल सर म्हणाले, “साहेब, नारळ हे शास्त्रीय मोजमाप नाही.” साहेब म्हणाले, “तुमच्या वहीला कुणी घाबरत नव्हतं, डॉक्टर. देवीला घाबरतात. मी कुणाचं ऐकू?” मागून टाळ्या पडल्या. पोरी, तू तिथे असायला हवी होतीस, मला फार वाटलं.

पण साहेब पक्के. म्हणाले, मला नकाशावर जागा हवी. नेमकी मासळी कुठे आहे? जागेशिवाय आदेश कसा काढू?

तुझा काका उभा राहिला. हसणं बंद. शिरगावचे वीसच्या वीस जण पुढे वाकले. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. घाम एवढा, त्या थंडीत. मला वाटलं, आता हा खाली बसतो आणि आपण बुडालो.

तो बसला नाही. सरळ चालत व्यासपीठावर गेला, साहेबांच्या खुर्चीपाशी वाकला आणि त्यांच्या कानात बोलायला लागला. चांगला मिनिटभर. साहेबही त्याच्या कानात काहीतरी बोलले. मग त्यांनी पेन्सिल घेतली, पुढ्यातल्या कागदी नकाशावर एक खूण केली, नकाशाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणाले, “पुढचा विषय.”

येताना मी काकाच्या मागे लागले. काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, “टेम्पोच्या खिडकीतून वारा येतो, बंद कर.” तेव्हापासून मी विचारते आहे आणि तो खिडक्या बंद करतो आहे. निकाल काय लागणार, आम्हाला ठाऊक नाही. तुझ्या नोकरीचं कसं?

काकू

---

पणजी,
१८ डिसेंबर

काकू!

प्लास्टर निघालं, आणि आज सकाळी सरांच्या टेबलावर परिषदेचं इतिवृत्त आणि आदेश दोन्ही आले. मी कुबडीवर उभी राहून वाचलं. तुझ्यासाठी उतरवून पाठवते.

इतिवृत्तात असं आहे: ‘माहीमसमोरील प्रमुख मासेमारीचे ठिकाण एका ज्येष्ठ मच्छीमाराने अध्यक्षांस समक्ष सांगितले. ठिकाण: अध्यक्षांना ठाऊक.’

आणि आदेशात: ‘सदर ठिकाण गोपनीय असल्याने त्यापासूनचे सुरक्षित अंतर निश्चित करता येत नाही. सबब माहीमसमोरील संपूर्ण पट्टा गाळ टाकण्याच्या यादीतून वगळण्यात येत आहे.’

संपूर्ण पट्टा! काकांनी जागा उघड सांगितली असती तर तेवढी एक सोडून बाकी सगळ्यावर चिखल पडला असता. मी इतकी ओरडले की बाजूच्या खोलीतले दोघे धावत आले.

नोकरी आहे. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. काल आले आणि विचारलं, त्या भिंतीवर गेरूच वापरतात का, आणि निबंधात भिका यांचं पूर्ण नाव कसं लिहायचं. मी म्हटलं, विचारून सांगते.

पण काकू, ती जागा इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही, ती त्यांनी परक्या साहेबाला सांगितली. माझ्या एका चुकीमुळे. ते मला फार लागलं आहे. काका माझ्यावर रागावले आहेत का?

हेमाली

---

माहीम,
२६ डिसेंबर

हेमाली बाळ,

भिकाचं पूर्ण नाव त्यालाही आठवत नाही. रेशनकार्ड शोधतो म्हणालाय.

तुझं पत्र काकाला वाचून दाखवलं. आदेशाचा भाग त्याने तीनदा वाचायला लावला. मग ‘मला फार लागलं आहे’ हे वाचलं, तर तो उठून दार लावून आला. मी म्हटलं, आता तरी सांगा, साहेबाला कुठली जागा दाखवलीत?

“कुठली पन नाय,” म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते तुला लिहिते, आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. तो साहेबाच्या कानात म्हणाला होता, “साहेब, जागा हाय, देवीशपथ हाय. पन मला सांगता येत नाय. माझ्या बापाने मरताना माझ्या कानात टाकली. मी पोराला पन नाय सांगितली, त्याला समुद्र बगून उलट्या होतात. मागे शिरगावची वीस मान्सं बसलीत. तुमी मला इथून हाकलून द्या, पन विचारू नका.” आणि साहेब त्याच्या कानात म्हणाले, “कळलं. आता मान हलवा, मी पेन्सिल फिरवतो.”

खूण कुठे केली म्हणशील, तर काकाने चोरून बघितली होती. सातबाऱ्यात येते ती जागा, नारळाच्या वाडीत. साहेबांना नकाशा उलटा धरायची सवय दिसते.

मी हसता हसता खाली बसले. काका हसला नाही. त्याने विचारलं, “पोरीचा पाय पुरता बरा कधी व्हनार?” मी म्हटलं, कशाला? तर म्हणाला, “साहेब परका, त्याने ठेवली माझी लाज. आपली पोर चूक झाली तर सही करून मोकळी झाली, नोकरी बगितली नाय. मी आता म्हातारा झालो. ती जागा माझ्यासंगती बुडायला नको. कुनाचा तरी कान पायजे ना.”

तुझ्या आजोबांनी ती तुझ्या बापाला सांगितली नव्हती, तो कारखान्यात गेला म्हणून. तुझ्या बापाने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण त्याला ते सलत होतं, हे मला ठाऊक आहे. आता त्याच्या मुलीला बोलावणं आहे. हे लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आहे.

पौष पुनवेचं उधाण ओसरलं की पहाटे बोट निघेल. काका म्हणतो, सांगणार नाही, नेऊन दाखवणार. ये.

तुझी,
जयवंतीकाकू